बारावीचे गुण घसरले म्हणून घाईने सौदा करू नका

मे महिन्यात शेतकरी आमच्याकडे येतात ते बहुतेक सोयाबीनच्या बियाण्यासाठी. घरचे बियाणे पेरावे की विकत आणावे, उगवण चाचणी कशी करायची, बीजप्रक्रियेला काय वापरायचे, असे प्रश्न असतात. २०२५ च्या मे महिन्यात मात्र आमच्या धाराशिव जिल्ह्यातले एक शेतकरी बियाण्याची पिशवी घेऊन आले, ती टेबलावर ठेवली आणि पोरीच्या गुणांचेच बोलू लागले. साडेतीन एकर कोरडवाहू जमीन, दोन म्हशी, तीन लेकरे. थोरली पोर बारावी सायन्सला. दहावीला तिला ८८ टक्के होते, गावात सत्कार झाला होता. बारावीला ५६ टक्के पडले.

"साहेब, पोरगी वाया गेली बघा," ते म्हणाले. बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर आली. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी प्रवेशाचे मार्गदर्शन करणारा एक गृहस्थ घरी येऊन गेला होता. 'एवढ्या मार्कांवर सरकारी यादीत नंबर लागणार नाही, आत्ताच सीट धरा' असे सांगून टोकन म्हणून पंचवीस हजार रुपये घेऊन गेला होता. ते पंचवीस हजार आडत्याकडून उचल घेतलेले होते. उरलेल्या रकमेसाठी सोसायटीचे पीक कर्ज वाढवून मिळेल का, हे विचारायला ते माझ्याकडे आले होते. बियाण्याची पिशवी हे निमित्त.

मी शेतीचा पदविकाधारक माणूस. कॉलेजच्या प्रवेशातला तज्ज्ञ नव्हे. पण खरिपाच्या तोंडावर शेतकऱ्याचे बियाणे-खताचे पैसे कुठे जातात हे पाहणे आमच्या कामातच येते. गेली काही वर्षे ते पैसे या वाटेने जाताना दिसतात, म्हणून हा विषय या पानावर मांडतो आहे.

उंबरठा कुठे, शिडी कुठे

त्यांना मी तीन विषयांचे गुण विचारले. भौतिकशास्त्र ४८, रसायनशास्त्र ५५, गणित ५१. बेरीज ३०० पैकी १५४. आपल्या राज्यात अभियांत्रिकी पदवीच्या प्रवेशाला खुल्या प्रवर्गासाठी या विषयांत मिळून ४५ टक्के, म्हणजे १३५ गुण लागतात. मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के, म्हणजे १२० पुरतात. पोर ओबीसी प्रवर्गातली. म्हणजे तिला १२० पुरेसे होते, मिळाले होते १५४. बारावीचे काम तिथे संपले. पुढे यादी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बारावीचे गुण पुन्हा विचारात येतात ते दोघांचे पर्सेंटाइल सारखे आले तर.

आता सोयाबीनकडे बघा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवले आणि सत्तर किंवा जास्त उगवले, तर ते बियाणे पेरणीला योग्य. ७२ उगवले म्हणून कोणी बियाणे उकिरड्यावर टाकत नाही. शिफारशीप्रमाणे पेरतो आणि पुढची मेहनत करतो. अभियांत्रिकीसाठी बारावीचे गुण हे असे आहेत. तो उंबरठा आहे. ओलांडला की झाले.

वैद्यकीयचेही तेच. तिथे यादी 'नीट'च्या गुणांवर लागते. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के असले की पात्रता झाली.

पण सगळीकडे असे नाही आणि इथेच लोकांची गल्लत होते. आयआयटी, एनआयटीसारख्या केंद्राच्या संस्थांना बारावीत ७५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातीला ६५ टक्के. नाहीतर आपल्या मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये यावे लागते. माझ्या ओळखीचा एक मुलगा जेईईत चांगला निघाला, पण दोन वर्षे बोर्डाच्या पुस्तकाला हात लावला नव्हता. बारावीला ६८ टक्के आले आणि मिळत असलेली जागा हातातून गेली. त्याच्या घरी कोणी सांगणारे नव्हते असे नाही, क्लासवाल्यांनी 'बोर्डाचे काय, ते होऊन जाते' असे सांगितले होते. ते होऊन गेले नाही.

साधे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करायचे तर चांगल्या महाविद्यालयात यादी बारावीच्याच गुणांवर लागते. डी.फार्मसीलाही तेच. बारावी सायन्सनंतर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जायचे तर तिथेही बारावीचेच गुण. या ठिकाणी गुण म्हणजे शिडी, एक एक पायरी मोजली जाते. उलट कृषी पदविका आणि आयटीआय यांना दहावीचे गुण चालतात. बारावीला नापास झालेल्या मुलालाही ती दारे उघडी असतात. आमच्यातले कितीतरी जण त्याच दारातून आलेले आहेत.

म्हणून घरात गुणपत्रिका आली की पहिला प्रश्न 'किती टक्के' हा नको. पोराला जायचे कुठे आणि तिथे बारावीचे गुण उंबरठा आहेत की शिडी, हे आधी विचारा.

गुण घसरतात कशाने

दहावीला ८८ आणि बारावीला ५६ म्हटले की बापाला वाटते, पोर उनाड झाली. तसे क्वचितच असते. दहावीला विषयागणिक वीस गुण शाळेच्या हातातले, शिवाय टक्के काढताना सहापैकी चांगले पाच विषय धरतात. आणि सगळे शिक्षण मराठीतून. अकरावी सायन्सला तीच पोर एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसते. 'वेग' आणि 'त्वरण' जिला पाठ होते तिला व्हेलॉसिटी आणि ॲक्सेलरेशन नव्याने शिकावे लागते, आणि तोवर वर्गात तिसरा धडा चालू झालेला असतो. खेड्यातल्या पोरांचे सर्वात मोठे नुकसान इथे होते असे माझे मत आहे. आळसाचा वाटा त्यात थोडा.

दुसरे कारण आपल्या डोळ्यांदेखतचे. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. हरभरा काढणीला आलेला, ज्वारी हुरड्याच्या पुढे गेलेली, गव्हाला शेवटचे पाणी. शेतीची लाइट आठवड्याच्या पाळीने रात्री येते आणि मोटार चालू करायला जातो तो घरातला बारावीचा पोरगा. पोरगी असेल तर सुगीची भाकरी तिच्यावर. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. घरात माणसे तेवढीच असतात. पण चार आठवडे रात्रीचे पाणी चुलत्याने किंवा शेजाऱ्याने सावडीने दिले, तर ते पोराच्या क्लासच्या एका हप्त्याहून स्वस्त पडते.

तिसरे कारण लातूर. आपल्याकडची पोरे गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालतात आणि राहतात लातूरला, खोली करून. कॉलेजात हजेरी कागदावर. क्लासमध्ये सराव होतो चार पर्यायांतून एक निवडण्याचा. बोर्डाच्या पेपरात मात्र उत्तर लिहावे लागते, आकृती काढावी लागते, गणिताच्या पायऱ्या मांडाव्या लागतात. सायन्सच्या विषयांना लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० अशी विभागणी असते. पोर प्रयोगशाळेत वर्षातून दोनदा गेली असेल तर त्या तीस गुणांचेही खरे शिक्षण होत नाही. लातूरने अनेक पोरांचे भले केले, हे मान्यच. पण २०२५ च्या बारावीच्या निकालात राज्याच्या नऊ विभागांत लातूर विभाग ८९.४६ टक्क्यांनी शेवटचा होता आणि कोकण ९६.७४ टक्क्यांनी पहिला. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के. लातूर विभागात लातूर, नांदेड आणि आपला धाराशिव येतो. या आकड्यात कला, वाणिज्य सगळे धरलेले आहे, त्यामुळे क्लासवरच खापर फोडता येत नाही. तरी क्लासच्या फलकावरची पन्नास नावे म्हणजे आपला भाग नव्हे, एवढे त्यातून कळते.

भूम-परंड्याकडच्या पोरांचे तर वेगळेच. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, सीनेला पूर आला, तेव्हा पिके तर गेलीच, कित्येक घरांत वह्या-पुस्तके आणि कागदपत्रांची पेटीही भिजली. ऐन अभ्यासाच्या दिवसांत पंचनामे, चिखल उपसणे. त्या घरातल्या पोराचे दहा टक्के घसरले तर त्याला बोल लावू नये.

निकाल ते निकाल : सहा आठवडे

आता पंचवीस हजारांकडे येऊ. २०२५ साली बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. सीईटीच्या भौतिक-रसायन-गणित गटाचा निकाल लागला १६ जूनला. मध्ये बरोबर सहा आठवडे. या सहा आठवड्यांत पोराचा पर्सेंटाइल किती येणार, हे कोणालाच माहीत नव्हते. त्या वर्षी तर २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताचे २१ प्रश्न चुकीचे निघाले आणि त्या मुलांची फेरपरीक्षा ५ मे रोजीच, बारावीच्या निकालाच्या दिवशीच झाली. म्हणजे काहींची परीक्षा अजून चालू होती. अशा वेळी 'तुमचा नंबर लागणार नाही' असे छातीठोकपणे सांगणारा माणूस कशाच्या आधारावर सांगत होता?

आधार काही नव्हता. बापाची धास्ती एवढेच त्याचे भांडवल. हा काळ नेमका रोहिण्यांच्या आगेमागे येतो, शेतकऱ्याच्या हातात त्या वेळी पेरणीसाठी जमवलेले चार पैसे असतात. दलालाला हे पंचांग आमच्यापेक्षा चांगले कळते.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत साधारण वीस टक्के जागा संस्था पातळीवर भरल्या जातात. त्या बेकायदेशीर नाहीत. ज्याची ऐपत आहे आणि विचार करून ज्याने ठरवले, त्याने खुशाल घ्याव्यात. मुद्दा वेगळा आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. ही सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, प्रवेश घेतलेल्या मुलींना आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर प्रवेश घेतला की ती गेली. मुलांनाही प्रवर्गाप्रमाणे निम्मी किंवा पूर्ण शुल्क सवलत असते, तिलाही कॅपचीच अट.

म्हणजे आमच्या या शेतकऱ्याने पंचवीस हजार देऊन काय विकत घेतले? चार वर्षांची फुकट मिळणारी फी स्वतःच्या खिशातून भरण्याचा हक्क. मी असे बोललो तेव्हा ते बराच वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत बसले होते.

कॅपचा अर्ज भरतानाही एक खाचखळगा आहे. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले तर तेच घ्यावे लागत होते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी लागले तर तेच. नियमांत दरवर्षी थोडाफार बदल होतो, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहूनच पसंतीक्रम भरावा. नेट कॅफेवाल्याला 'तूच भर बाबा' म्हणून मोकळे होऊ नये. पसंतीक्रमाच्या यादीवर पोरासोबत एक संध्याकाळ बसा. वसतिगृह आहे का, एस.टी. जाते का, हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कळते.

गुणच कमी वाटत असतील तर

पेपर चांगला गेला आणि गुण कमी पडले असे पोर ठामपणे सांगत असेल, तर मंडळाकडे रीतसर सोय आहे. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचे राहिलेले प्रश्न पाहतात. पुनर्मूल्यांकन हवे तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. छायाप्रत आली की ती विषयाच्या शिक्षकाला दाखवा. ते नाही म्हणाले तर पुढचे पैसे वाचवा.

उत्तीर्ण होऊनही गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षेला बसता येते, त्यासाठी लागोपाठच्या तीन संधी मिळतात. एखाद-दुसरा विषय राहिला असेल तर पुरवणी परीक्षा आहे. २०२५ साली ती २४ जूनलाच सुरू झाली होती. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे आणि वर्ष वाया जाई, तसे आता राहिलेले नाही. पण उंबरठा ओलांडलेला असताना नुसत्या टक्क्यांच्या हौसेसाठी पोराला पुन्हा त्याच पेपरांना जुंपणे मला पटत नाही.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

गुणांपेक्षा जास्त प्रवेश कागदांनी अडतात, हे मी जबाबदारीने लिहितो. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि हे लक्षात येते जूनमध्ये, तहसीलच्या सेतूपुढे रांग लागल्यावर. जात वैधतेचा अर्ज पोर अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत करायला हवा. समितीला जुने पुरावे लागतात, आजोबाच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यासाठी तीन गावे हिंडावी लागतात. कृषी पदवीच्या प्रवेशात शेतकरी कुटुंबातल्या मुलाला सातबाराच्या आधारे जादा अधिभार मिळतो, पण जमीन अजून मयत आजोबाच्या नावावर आणि वारसाचा फेर झालेला नाही, अशी स्थिती माझ्या गावांत घरटी सापडते.

तलाठी भाऊसाहेबांचे पदनाम २०२४ साली ग्राम महसूल अधिकारी झाले आणि ग्रामसेवकांचे ग्रामपंचायत अधिकारी. लोक अजून जुन्याच नावाने हाक मारतात आणि कामही त्याच माणसांकडे असते. त्यांना एवढीच विनंती, की गावातल्या अकरावी-बारावीच्या पोरांची यादी कनिष्ठ महाविद्यालयाकडून दिवाळीनंतर मागवून घ्यावी आणि जानेवारीच्या ग्रामसभेत कोणाचा कोणता कागद राहिला ते वाचून दाखवावे. वीस-पंचवीस नावांपेक्षा जास्त होत नाहीत. सरपंचांनी सत्कार मे महिन्यात जरूर करावा. पण ९० टक्क्यांच्या पोराला शाल घालताना ५६ वाल्याचा बाप मागच्या रांगेत बसलेला असतो, एवढे ध्यानात असू द्यावे. दलाल त्याच रात्री त्याच्याच घरी जातो.

त्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, ते सांगतो. पोरीच्या चुलतभावाकडे वैधता प्रमाणपत्र आधीच होते, त्यामुळे तिचे प्रकरण समितीकडे लवकर निघाले. सीईटीला तिला ८१ पर्सेंटाइल आले. तिसऱ्या फेरीत शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात स्थापत्य शाखेला जागा लागली. शिक्षण शुल्क माफ. वसतिगृह आणि मेसचा खर्च आहे, तो ते दुधाच्या पगारावर भागवतात. टोकनचे पंचवीस हजार मागायला ते दोनदा गेले. पावती नव्हती. दुसऱ्यांदा त्या माणसाचा फोनच लागला नाही. आडत्याची उचल सोयाबीनच्या पट्टीतून कापली गेली. घरच्या बियाण्याची उगवण ७६ टक्के निघाली होती, तेच पेरले.

या वर्षी त्यांचा धाकटा पोरगा अकरावीला गेला. वैधतेच्या अर्जासोबत काय काय जोडायचे, हे विचारायला ते परवा येऊन गेले. या वेळी बियाण्याची पिशवी आणली नव्हती.